दुसऱ्यांदा पैसे मागायला जाताना

बावीस वर्षं मी नागपुरात औषध कंपनीचा एमआर, म्हणजे डॉक्टरांकडे जाऊन औषधं खपवणारा प्रतिनिधी होतो. धंतोली आणि रामदासपेठेतल्या दवाखान्यांत "पेशंट संपले की बोलावतो" या वाक्यावर जेवढा बसलो, तेवढा घरच्या सोफ्यावर बसलो नसेन. मग कंपनीने विदर्भाची टीमच गुंडाळली. ओळखीच्या एका डॉक्टरांनी मला मेडिकल चौकाजवळच्या एका छोट्या संस्थेत नेऊन बसवलं. गडचिरोली, गोंदिया, चंद्रपूर, पलीकडे बालाघाट-छिंदवाड्याहून लोक मेडिकलला, म्हणजे इथल्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात, उपचाराला येतात. पेशंटला वॉर्डात पलंग मिळतो, बरोबरच्या माणसाला मिळत नाही. त्याच्यासाठी आमचं हे भाड्याचं घर: चौदा पलंग, दोन वेळचं जेवण, स्वयंपाकाच्या ताई आणि एक रात्रीचा माणूस. "इतकी वर्षं गोळ्या विकल्यास, आता हे विक," डॉक्टर म्हणाले. नऊ वर्षं तेच करून राहिलो.

दुसऱ्या संस्थांची मंडळी भेटली की हमखास विचारतात, देणग्या कशा जमवता? त्यांच्यासाठी हे लिहितोय. वर्षाचा खर्च पाच-दहा-वीस लाख, ऑफिसात एक कपाट आणि अर्धा माणूस, अशा संस्थांना याचा उपयोग होईल. ज्यांच्याकडे मार्केटिंगचा वेगळा विभाग आहे, त्यांनी वाचलं नाही तरी चालेल.

पहिल्या वर्षी मी एमआरच्याच जोमाने सुटलो. रोज आठ-दहा कॉल. लक्ष्मीनगर, प्रतापनगर, इतवारी, गांधीबाग. वर्षअखेर वहीत २१४ नावं होती आणि मी कॉलर ताठ करून फिरत होतो. दुसऱ्या वर्षी त्यातल्या ३१ जणांनी पुन्हा पैसे दिले. म्हणजे १८३ जणांकडे मी एकदा गेलो, पैसे घेतले आणि गायब झालो. हे गणित मी मांडलंच नव्हतं. इतवारीतल्या एका धान्याच्या व्यापाऱ्याने ते तोंडावर मांडलं.

त्यांच्या पेढीवर गादीवर बसलो, पाणी आलं, चहा आला. मी बॅगेतून माहितीपत्रक काढलं. त्यांनी ते हातातसुद्धा घेतलं नाही.

"मागच्या खेपेला पाच हजार नेले होते बाप्पा. त्याचं काय झालं?"

"शेठजी, संस्थेच्या कामाला लागले."

"ते तर लागलेच असतील. पण झालं काय? मी इथून दहा पोते गहू पाठवला तर समोरचा फोन करतो, मिळाला म्हणून. तुम्ही नवीन मागायला येऊन राहिले, जुन्याचा पत्ताच नाही."

चहा संपवून उठलो. पैसे मिळाले नाहीत, आणि मिळायलाही नको होते. खरं तर एमआरला हे वेगळं सांगावं लागू नये. डॉक्टर पहिल्यांदा तुमचं औषध लिहितो ते बरेचदा तुमच्या चकरांना कंटाळून. महिनाभराने पुन्हा तेच लिहितो, तेव्हा औषधाने काम केलेलं असतं. म्हणून माझी सगळी धावपळ आता दुसऱ्या देणगीसाठी असते. पहिली मिळवण्याइतकाच वेळ मी ती मिळाल्यानंतर घालवतो.

मागण्याआधी एका दिवसाची किंमत काढा

"यथाशक्ती मदत करा" हे वाक्य पत्रकातून खोडून टाका. समोरच्याला आपली शक्ती किती हे माहीत असतं, पण तुम्हाला नेमकं काय लागतं हे माहीत नसतं. मग तो पाचशेची नोट देतो आणि सुटतो.

आमचा महिन्याचा हिशेब असा: भाडं २२,०००, दोघांचे पगार २३,०००, किराणा-भाजी २४,०००, गॅस ५,०००, वीज आणि पाणी सरासरी ६,५००, चादरी-फिनाइल-किरकोळ ३,५००. एकूण ८४,०००. चौदा पलंग, तीस दिवस, म्हणजे ४२० मुक्काम. एका माणसाच्या एका दिवसाचे २०० रुपये.

इथे बहुतेक संस्था एक चूक करतात, आम्हीही केली. फक्त जेवणाची किंमत सांगायचो: सत्तर रुपयांत एकाचं दिवसभराचं जेवण. ऐकायला छान वाटायचं आणि पैसेही यायचे. नागपूरकराला अन्नदान शिकवावं लागत नाही. रामनवमीच्या शोभायात्रेच्या वाटेवर किंवा धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीच्या आसपास उभं राहून बघा, खाऊ घालणाऱ्यांच्याच रांगा असतात. पण आमच्याकडे तांदूळ उतू जायचा आणि घरमालकाला द्यायला पैसे नसायचे. भाड्यासाठी कोण देणगी देतो? वीजबिलासाठी कोण देतो? मे महिन्यात ४५ डिग्रीत चार कूलर चोवीस तास चालतात, पण "कूलरचं बिल भरा" असं म्हणून एक रुपया येत नाही. उपाय एकच: भाडं, वीज, पगार सगळं त्या २०० रुपयांच्या आत घालायचं आणि वेगळं मागायचंच नाही. कुणी विचारलं तर हिशेबाचा कागद पुढे करायचा. गेल्या सात वर्षांत चौघांनी विचारलं, आणि चौघांनीही नंतर जास्त पैसे दिले.

तिथी

चौदा माणसांचा एक दिवस म्हणजे २,८०० रुपये. ३६५ दिवसांचे दहा लाख बावीस हजार. आमचा वर्षाचा खर्च दहा लाख आठ हजार. म्हणजे ३६५ घरांनी एकेक दिवस घेतला की वर्ष निघालं. हे गणित सुचलं त्या रात्री मला झोप आली नाही, आणि नंतर कळलं की अन्नछत्रं आणि आश्रम हे पिढ्यानपिढ्या करत आलेत: कुणाच्या स्मरणार्थ, कुणाच्या वाढदिवसाचं, एका दिवसाचं जेवण. आम्ही जेवणाच्या जागी पूर्ण दिवस ठेवला, एवढंच. माणसाच्या घरात आधीपासून असलेल्या दिवसाला आपलं काम जोडायचं, ही युक्ती आपल्याकडे जुनी आहे. पुण्यात महर्षी कर्व्यांच्या संस्थेचा भाऊबीज निधी आठवा: बहिणीला घालतोस तशीच एक ओवाळणी शिकणाऱ्या मुलींसाठी घाल. समजावून सांगायला एक ओळ पुरते.

आमची तिथीची वही कशी चालते ते नीट सांगतो, कारण सगळं त्यातच आहे.

भिंतीवर कालनिर्णय. प्रत्येक चौकोनात पेन्सिलीने आडनाव. शाईने नाही, कारण दिवस बदलतात. वहीत प्रत्येक घराला एक पान: कुणाच्या नावाने, नातं काय, फोन कुणाला करायचा, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तिथीने करतात की तारखेने. पहिल्या वर्षी हा प्रश्न मी विचारलाच नव्हता. एका काकूंच्या सासऱ्यांची पुण्यतिथी आम्ही तारखेने केली, त्यांच्या घरी ती अकरा दिवस आधी होऊन गेली होती. त्या काही बोलल्या नाहीत. पुढच्या वर्षी फोन उचलला नाही, तेव्हा समजलं.

पंधरा दिवस आधी फोन करायचा. मेसेज नाही, फोन. "काकू, नमस्कार. एकोणीस तारखेला आबांची तिथी आहे. आपल्या इथे त्या दिवशी त्यांच्या नावाने ठेवायचं ना?" एवढंच. रक्कम आपण बोलायची नाही, त्या स्वतःच विचारतात. "यंदा जमणार नाही" म्हणाल्या तर त्या दिवशीही फळ्यावर त्यांच्या आबांचं नाव लिहायचं. याला माझ्या खजिनदारांचा विरोध आहे. त्यांचं म्हणणं, मग पैसे दिलेल्यांना काय वेगळं? मी अजून माझ्या मतावर आहे. नाव लिहायला खडूच लागतो.

हा फळा स्वयंपाकघराच्या दाराशी आहे. ताई रोज सकाळी त्यावर लिहितात: "आज १३ + १ लहान. वरण, भात, पोळी, वांगं-बटाटा. आजचा दिवस: कै. अमुक यांच्या स्मरणार्थ." साडेअकरापर्यंत त्याचा फोटो त्या घरी जायला हवा. बारा वाजल्यानंतर गेला तर उपयोग कमी, कारण सकाळी घरात पूजा झालेली असते, मुलं-सुना जमलेल्या असतात आणि तो फोटो त्याच वेळी सगळ्यांच्या फोनवर फिरतो. आमच्या नव्या तिथ्यांपैकी बऱ्याच अशाच आल्या, कुणाच्या तरी जावयाने फोटो बघून फोन केला म्हणून. छापील पत्रकं बंद करून चार वर्षं झाली. आत्ता २४१ दिवस भरलेले आहेत. श्रावण-भाद्रपद गच्च, पितृपक्षात एका दिवसाला तीन-तीन घरं मागतात (मग दुसऱ्या आणि तिसऱ्या घराला पुढच्या आठवड्यातला दिवस स्पष्ट सांगून द्यायचा, एकच दिवस तिघांना विकायचा नाही), आणि फेब्रुवारी रिकामा.

फोटो कुणाचा

फळ्याचाच फोटो का, त्यामागे एक गोष्ट आहे आणि ती सांगताना अजून अवघड जातं.

एटापल्लीकडचा एक माणूस बायकोला घेऊन आला होता. कॅन्सर. तो दारातल्या पायरीवर बसून भात खात होता, संध्याकाळचं ऊन पडलं होतं, मी फोटो काढला. खाली चार ओळी लिहून ग्रुपवर टाकला. दोन दिवसांत अठ्ठावीस हजार आले. मी खूश. तिसऱ्या दिवशी तो माझ्या टेबलासमोर येऊन उभा राहिला. आवाज चढवला नाही. म्हणाला, "साहेब, पोरीची सोयरीक चालू होती. आम्ही कोणाला सांगितलं नव्हतं. गावातल्या मास्तरच्या मोबाइलवर माझा फोटो आला."

मी ग्रुपवरून काढला, पण पुढे गेलेला कुठून काढणार? त्या सोयरिकीचं काय झालं ते विचारायची माझी हिंमत झाली नाही.

तेव्हापासून नियम असा: राहायला आलेल्या माणसाचा चेहरा नाही, नाव नाही, गाव नाही. "त्याने हो म्हटलं होतं" हेही चालणार नाही. ज्याच्या डोक्यावरचं छप्पर तुमच्या हातात आहे, तो तुम्हाला नाही कसा म्हणेल? फळा, ताईंचे पोळ्या लाटणारे हात, दारातल्या चपला, वाळत घातलेल्या चादरी. एवढं पुरतं. लोकांच्या लक्षात एखादी साधी वस्तूच राहते. आपल्याच नागपुरातले विजय बारसे सर २००१ साली पावसात फुटक्या बादलीला लाथा मारत खेळणारी झोपडपट्टीतली पोरं बघतात आणि त्यातून स्लम सॉकर ही अशा पोरांसाठीची फुटबॉलची संस्था उभी राहते. आज कुणालाही ते काम सांगताना आधी ती बादली येते. तुमच्या कामातली बादली शोधा.

पावती, म्हणजे मे महिना

संस्था महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली नोंदलेली आहे, बँक खातं संस्थेच्याच नावाने आहे, दरवर्षी ऑडिट होतं, हे मी धरून चालतो. कुणा पदाधिकाऱ्याच्या स्वतःच्या खात्याचा क्यूआर लावला असेल तर हे वाचायचं थांबवून आधी तो काढा.

आता ८०जी, म्हणजे देणगीदाराला आयकरात मिळणारी सवलत. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू झाला, कलमांचे आणि फॉर्मचे नंबर बदलले. नवी पावतीपुस्तकं छापायच्या आधी सीएकडून नंबर घ्या. बोलण्यात अजून जुनेच चालतात, म्हणून इथे तेच लिहितो.

देणगीदाराला वाटतं दहा हजार दिले की दहा हजार कर वाचतो. तसं नाही. आमच्यासारख्या संस्थेला दिलेल्या दहा हजारांपैकी पाच हजार त्याच्या करपात्र उत्पन्नातून वजा होतात. तो ३० टक्क्यांच्या स्लॅबमध्ये असेल तर साधारण दीड हजार वाचतात. आणि ज्याने नवी करप्रणाली घेतलीय, त्याला यातलं काहीच मिळत नाही. आजकाल नोकरदारांत नवीच जास्त. म्हणून बोलण्याची सुरुवात ८०जीने करू नका. मागच्या वर्षी मी एका इंजिनिअरला मोठ्या तोऱ्यात सवलत समजावली, तो म्हणाला, "काका, मी न्यू रेजीममध्ये आहे," आणि आमचं संभाषण तिथेच संपलं. मी चौदा पलंगांपासून सुरुवात केली असती तर?

रोखीचं बघा. २,००० रुपयांच्या वर रोख दिली तर सवलत नाही. आमची तिथी २,८०० ची, म्हणजे नेमकी त्या रेषेच्या पलीकडे. म्हणून नोटा मोजत असलेल्या आजोबांना आधीच सांगावं लागतं, "बाबूजी, पावती हिशेबात धरायची असेल तर चेक द्या, नाहीतर नातवाला सांगून यूपीआय करा." नंतर सांगितलं तर फसवल्यासारखं वाटतं.

यूपीआयची कटकट वेगळी. पैसे येतात, पण स्क्रीनवर नुसतं अर्धवट नाव. कोण हा? वर्षाच्या देणग्यांचं विवरण, १०बीडी, ३१ मेपर्यंत भरायचं असतं. त्यात देणगीदाराचं नाव, पत्ता, पॅन किंवा आधारसारखा ओळख क्रमांक आणि रक्कम लागते. त्यातूनच १०बीई हे प्रमाणपत्र निघतं आणि त्यावरच त्याला सवलत मिळते, आपल्या छापील पावतीवर नाही. उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये, म्हणजे आमच्या हिशेबात रोज एक मुक्काम. पॅन मागायचा तो पैसे आले त्याच दिवशी, आभाराच्या फोनमध्ये. मी एका वर्षी हे मेवर ढकललं होतं. बाहेर नवतपा (मेअखेरचे सगळ्यात तापलेले दिवस), आत मी, आणि "पॅन कशाला पाहिजे हो तुम्हाला?" असं विचारणारे सत्तर लोक.

दानपेटी ठेवली असेल तर एवढं लक्षात असू द्या: निनावी देणग्यांची वर्षाची रक्कम एक लाख किंवा एकूण देणग्यांचे ५ टक्के, यातलं जे जास्त, त्याच्या वर गेली तर वरच्या रकमेवर ३० टक्के कर लागतो. लहान संस्थेची पेटी सहसा तिथवर जात नाही. पेटी दोघांसमोर उघडायची आणि दोघांच्या सह्या घ्यायच्या.

अमेरिकेतल्या मुलांचे फोन हल्ली बरेच येतात. पहिला प्रश्न: पासपोर्ट कुठला? भारतीय नागरिक असेल आणि स्वतःच्या पैशातून बँकेमार्फत देत असेल तर ती परदेशी देणगी धरत नाहीत. नागरिकत्व बदललं असेल तर, ओसीआय कार्ड (मूळच्या भारतीयांना मिळणारं) असलं तरी, ते परदेशी पैसे. त्यासाठी एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली नोंदणी आणि स्टेट बँकेच्या नवी दिल्लीच्या मुख्य शाखेत खातं लागतं. आमच्याकडे ते नाही. मी सांगतो, "बेटा, इथे तुझी आई आहे ना, तिला तिच्या पैशातून द्यायचं असेल तर देईल." ती देते की नाही, हा त्यांचा घरचा प्रश्न.

जे करून पस्तावलो

संगीत रजनी. सिव्हिल लाइन्समधलं मोठं सभागृह, जुन्या गाण्यांचा ऑर्केस्ट्रा, स्मरणिका, फुलांचे गुच्छ. खर्च १,८४,०००. जमा २,११,०००. तीन महिने सगळी संस्था पासेस विकत होती आणि हातात आले २७,०००, म्हणजे दहा तिथ्या पूर्ण झाल्या नाहीत. तेवढ्या मी एका आठवड्यात फोनवर मिळवतो. वर पाहुण्यांच्या भाषणात संस्थेचं नाव चुकलं.

थंडीत एका वर्तमानपत्राच्या वार्ताहराला सांगितलं, ब्लँकेट हवीत. छान बातमी आली. किती हवीत ते मी सांगितलंच नव्हतं. चौदा पलंगांना एकशे सहा ब्लँकेट आली, त्यातली निम्मी कुणाच्या तरी माळ्यावरून थेट. आता वस्तू मागताना आकडा आणि शेवटची तारीख दोन्ही लिहितो, आणि पुरेशा झाल्या की त्याच दिवशी "झाल्या, धन्यवाद" असंही कळवतो. या "झाल्या" वर लोकांचा जो विश्वास बसतो, तो दहा कौतुकाच्या बातम्यांनी बसत नाही.

व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप करू नका, ब्रॉडकास्ट लिस्ट करा. ग्रुपमध्ये दुसऱ्या दिवसापासून गुड मॉर्निंगची फुलं आणि राजकारण सुरू होतं. फक्त ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच ब्रॉडकास्ट पोचतो, म्हणून आभाराच्या फोनवर शेवटचं वाक्य: "हा नंबर संस्थेच्या नावाने सेव्ह करून ठेवा." महिन्यातून दोन मेसेज, त्यातला एकही मागण्याचा नाही.

सीएसआरबद्दल, म्हणजे कंपन्यांना सामाजिक कामावर करावा लागणाऱ्या खर्चाबद्दल, थोडंच. ज्या कंपनीची नेटवर्थ ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा नफा ५ कोटी, यातलं एक असेल, तिला सरासरी नफ्याच्या २ टक्के खर्च करावे लागतात. वेकोलि (कोळसा) आणि मॉइल (मँगनीज) या सरकारी कंपन्यांची मुख्यालयं इथेच आहेत, बुटीबोरी आणि हिंगण्यात कंपन्या आहेत. असे पैसे घ्यायला संस्थेला लागणारी सीएसआर-१ ची नोंदणी करून ठेवा, तीन वर्षांचे ऑडिट रिपोर्ट एका फाइलीत ठेवा. पण त्या पैशावर भाडं अवलंबून ठेवू नका. आम्हाला एका कंपनीने पलंग, गाद्या आणि पाण्याचं मशिन दिलं, उत्तम दिलं. पुढच्या वर्षी तिथले साहेब बदलले आणि नव्या साहेबांना झाडं लावायची होती.

बाकी दुपारचे फोन. यंदा अधिक ज्येष्ठ आला, १७ मे ते १५ जून. ज्येष्ठातल्या सगळ्या तिथ्यांच्या घरी विचारावं लागतं: कुठल्या महिन्यात करता? बहुतेक निज, म्हणजे अधिकानंतरच्या ज्येष्ठात करतात, काही दोन्ही करतात, एक-दोघांना भटजींना विचारायचं असतं. परवा प्रतापनगरच्या एका ताईंना फोन लावला, त्यांच्या आईंची शुद्ध पंचमी.

"निजात करू," त्या म्हणाल्या. "म्हणजे एकोणीस-वीस जून येईल ना? तोवर आंबे असतात. आईला रस फार आवडायचा, रस मी घरून करून आणते. चौदा वाट्या?"

"आमच्या स्वयंपाकाच्या ताई आणि रात्रीचा माणूस धरून सोळा," मी म्हटलं आणि पेन्सिल घेतली.